मागचा टग सोडायची घाई नको: बंदराबाहेर काढून देणाऱ्या पायलट-टग सेवेचं परीक्षण

पायलटची सेवा चांगली की बेताची, हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. पायलट म्हणजे त्या बंदराचं पाणी ओळखणारा, जहाजाला वाट दाखवणारा माणूस. तो गँगवेवरून, म्हणजे धक्क्यावरून जहाजावर चढायच्या जिन्यावरून वर येतो, लिफ्टनं ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत पोचतो, हात मिळवतो. त्यानंतर तो काय करतो यातच निम्मा निकाल लागतो.

मी मोठ्या कंटेनर जहाजांवर मास्टर, म्हणजे कॅप्टन आहे. सेकंड ऑफिसर असताना जहाज धक्क्याला लागताना-सुटताना माझी जागा मागे, आफ्ट स्टेशनवर असायची. त्यामुळे ही सेवा मी खालून, टगच्या, म्हणजे जहाजाला ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या दणकट बोटीच्या नाकासमोर उभं राहून पाहिली आहे आणि आता वरून, ब्रिजच्या विंगमधून (ब्रिजच्या बाजूला बाहेर आलेल्या भागातून) पाहतो. बंदर बदललं की टगांचे रंग बदलतात, पायलटांचे स्वभाव बदलतात, काम तेच राहतं. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका बंदराचं नाही, सेवेचं आहे. माझं मत आधीच सांगतो. टग जोर लावून ओढतो-ढकलतो तेव्हा तर त्याचा उपयोग दिसतोच, पण सगळ्यात मोलाचं काम तो चॅनेलमध्ये, म्हणजे बंदरातून समुद्राकडे जाणाऱ्या अरुंद जलमार्गात करतो, जेव्हा तो मागे नुसता बांधलेला, दोर सैल ठेवून आपल्याबरोबर येत असतो. आणि नेमकं तेच काम सगळ्यांना लवकर उरकायचं असतं.

आधी ती पाच मिनिटं. आम्ही पायलटच्या हातात पायलट कार्ड देतो. ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बुडालंय ते), लांबी-रुंदी, इंजिनच्या कुठल्या टप्प्याला किती नॉट (ताशी सागरी मैल), थ्रस्टरची (जहाजाचं नाक आडवं सरकवणाऱ्या पंख्याची) ताकद, दोन्ही नांगरांच्या साखळीचे शॅकल (साखळीच्या लांबीचं माप), काही बिघाड असेल तर तो, सगळं त्यावर असतं. चांगला पायलट ते वाचतो आणि नेमके प्रश्न विचारतो. डेड स्लो अहेडला, म्हणजे पुढे जायच्या सगळ्यात मंद टप्प्याला, हे जहाज किती पळतं? अहेडवरून आस्टर्न (उलटी चाल) मिळायला किती वेळ लागतो? थ्रस्टर पूर्ण ताकदीनं चालतो ना?

हे प्रश्न कशासाठी, ते जहाजावर न गेलेल्या वाचकांसाठी सांगतो. आजची सगळ्यात मोठी कंटेनर जहाजं ४०० मीटर लांब आणि साधारण ६१ मीटर रुंद असतात, वीस फुटी कंटेनरच्या हिशोबात २४,००० पर्यंत कंटेनर घेतात. इंजिन थेट प्रॉपेलरला जोडलेलं. मध्ये ना क्लच, ना गिअर. अगदी कमीत कमी फेऱ्यांवरही जहाज सात-आठ नॉट धरतं. त्याहून हळू जायचं असेल तर इंजिन थांबवायचं, आणि इंजिन थांबलं की सुकाणूवर पाण्याचा झोत येत नाही, जहाज ऐकेनासं होतं. मागे यायचं तर इंजिन थांबवून दाबलेल्या हवेनं उलट्या दिशेला पुन्हा सुरू करावं लागतं. तीही हवा मोजकीच. बाटल्या पुन्हा न भरता सलग बारा वेळा इंजिन सुरू होईल एवढी हवा असली पाहिजे, असा जहाजांना तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गीकरण संस्थांचा नियम आहे. बो थ्रस्टर आहे, पण वेग पाच नॉटच्या आसपास गेला की त्याचा जोर जाणवेनासा होतो. थोडक्यात, खुल्या समुद्रात ऐटीत चालणारं हे जहाज बंदरात दुसऱ्याच्या आधाराशिवाय हलू शकत नाही.

कार्ड वाचून झालं की चांगला पायलट आपली बाजू मांडतो. टग किती, कुठे बांधायचे, प्रत्येकाची ओढ किती टन, आधी मागची बाजू सोडवायची की पुढची, जहाज कुठे वळवायचं, समोरून कोण येतंय, भरतीचं पाणी कुठल्या वळणावर आडवं लागतं, आणि काही बिनसलं तर कुठपर्यंत मागे फिरता येईल. माझ्या अनुभवात उत्तम पायलट हे सगळं चार्टवर बोट ठेवून सांगतात. थर्ड ऑफिसरला आणि सुकाणूवरच्या खलाशालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात. त्यानंतर ब्रिजवरचा प्रत्येक माणूस कामात मन लावतो, हे मी दर वेळी पाहतो.

याच्या अगदी उलटही पाहिलं आहे. एका बंदरात, नाव घेत नाही, पायलट आले ते फोनवर बोलतच. कार्डावर न वाचता सही केली, “नेहमीसारखंच आहे, कॅप्टन” म्हणाले आणि विंगमध्ये जाऊन उभे राहिले. पुढे तासभर टगांशी सगळं बोलणं त्यांच्या भाषेत. कुठला टग ओढतोय, कुठला थांबलाय, मला कळायला मार्ग नाही. मी आपला दोराच्या ताणाकडे आणि टगच्या फेसाकडे बघून अंदाज बांधतोय. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा २००३ चा ठराव आहे, ए.९६०. पायलटचं बाहेरच्यांशी बोलणं ब्रिजवरच्यांना समजणार नसेल, तर काय बोलणं झालं ते त्यानं शक्य तितक्या लवकर सांगावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मी दोनदा विनंती केल्यावर ते प्रत्येक हुकूम इंग्रजीत सांगू लागले. हाताला कसब होतं त्यांच्या, जहाज सुरेख सोडवलं, पण मला ती सेवा अपुरीच वाटली. पायलट कितीही तरबेज असला तरी तो सल्लागार. पनामा कालव्यासारखा अपवाद सोडला तर जहाजाची जबाबदारी मास्टरचीच राहते, आणि जे कळलंच नाही त्याची जबाबदारी कशी घ्यायची?

आता टग किती हवेत, हा प्रश्न. बऱ्याच बंदरांत तो जहाजाच्या लांबीवरून ठरतो. माझ्या मते तो वाऱ्यावरून ठरला पाहिजे. डेकवर कंटेनरचे आठ-दहा थर चढले की जहाजाची एक बाजू म्हणजे साधारण १५,००० चौरस मीटरची भिंत होते. वाऱ्याचा जोर काढायचं आमचं ढोबळ गणित असं: वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, अठरानं भागायचं, दर हजार चौरस मीटरमागे तेवढे टन. दहा मीटर वाऱ्याला, म्हणजे जवळपास २० नॉटला, या भिंतीवर ८३ टन. पंधरा मीटरला १८७ टन. वारा दीडपट, जोर सव्वादोन पट. एका तगड्या टगची ओढ ७० ते ८० टन. म्हणजे २० नॉट धक्क्याकडचा वारा असेल तर एक अख्खा टग फक्त वाऱ्याला धरून ठेवण्यात खर्च होतो. जहाज हलवायचं अजून बाकीच. तिसरा टग मागितला की एजंटच्या (बंदरात जहाज कंपनीचं काम बघणाऱ्याच्या) आवाजात फरक पडतो. तरी मी मागतो, आणि चांगला पायलट अशा वेळी माझ्या बाजूनं उभा राहतो. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात आडवं झालेलं ‘एव्हर गिव्हन’ मोकळं करायला सहा दिवस, ड्रेजर, भरती आणि टगांचा ताफा लागला होता. तेव्हा त्याच्यावर दोन पायलट होते आणि वारा जोराचा होता. कंटेनरच्या भिंतीवर वारा काय करतो ते ज्यांनी तेव्हा टीव्हीवर पाहिलं, त्यांना हे गणित वेगळं समजवायला नको.

टगवाल्यांच्या कामाबद्दल सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण ब्रिजवरून ते दिसतच नाही. आफ्ट स्टेशनवर उभं राहिलं की कळतं. टग आपल्या मागच्या बाजूच्या खाली शिरतो, नाक आपल्याकडे. आता बहुतेक ठिकाणी एएसडी टग असतात. मागे तळाशी दोन प्रॉपेलर, दोन्ही ३६० अंशांत फिरणारे, त्यामुळे टग आडवाही सरकतो आणि उलटाही तितक्याच सहज पळतो. टगच्या कॅप्टनच्या डोक्यावरही काचा असतात, त्यातून तो वर आमच्याकडे बघत असतो. आम्ही हीव्हिंग लाईन, म्हणजे खाली फेकायचा बारीक दोर सोडतो. टगच्या पुढच्या डेकवर एकच माणूस, हेल्मेट, लाइफ जॅकेट. तो लाईन पकडतो, तिला मेसेंजर (जाड दोर वर ओढून घ्यायचा मधला दोर) बांधतो, हात वर करतो आणि लगेच मागे आडोशाला जातो. मग आमचा बोसन (खलाशांचा मुकादम) विंचवर मेसेंजर ओढून घेतो, टगच्या दोराचा डोळा, म्हणजे टोकाचा फास, मधल्या फेअरलीडमधून (दोर आत घ्यायच्या वाटेतून) वर येतो आणि बिटवर (दोर अडकवायच्या लोखंडी खुंटावर) चढतो. हा दोर मनगटाहून जाड, तरी इतका हलका की पाण्यावर तरंगतो. सिंथेटिक धाग्यांचा असतो, जवळजवळ ताणत नाही. ताण बसला की त्याच्यातून एक बारीक करकर येते. ती ऐकल्यावर कोणालाही तिथे रेंगाळावंसं वाटत नाही.

या दोन मिनिटांत टगच्या त्या एकट्या माणसाचा जीव आमच्या हातात असतो. काही जहाजांवर हीव्हिंग लाईन लांब जावी म्हणून तिच्या टोकाच्या गाठीत नट-बोल्ट किंवा शिसं भरतात. पंधरा-वीस मीटर वरून ते डोक्यात बसलं तर हेल्मेट काय करणार? अर्ध्या किलोपेक्षा जड नाही अशी मऊ पिशवी वापरायची असते. माझ्या जहाजावर प्रत्येक हीव्हिंग लाईन चीफ ऑफिसर स्वतः दाबून बघतो. सोडतानाही तेच. टगचा दोर बिटवरून काढून धाडकन खाली टाकायचा नाही, मेसेंजरवर हळूहळू उतरवायचा. तो टगच्या प्रॉपेलरमध्ये गेला तर टग तिथेच निकामी, तेही चालत्या जहाजाच्या नाकापुढे किंवा शेपटीला.

जहाजवाल्यांकडून होणारी आणखी एक हयगय म्हणजे बिटची ताकद. बिटच्या बाजूला सेफ वर्किंग लोड, म्हणजे तो किती ताण सुखरूप सोसेल तो आकडा, रंगवलेला असतो. टग दरवर्षी दणकट होत चाललेत, जुन्या जहाजांचे बिट होते तिथेच आहेत. टगची ओढ आणि बिटचा आकडा यांचा मेळ बसतो की नाही हे आधी बघायला हवं. हे सांगणारे पायलट मला फार कमी भेटले. जे भेटले त्यांचा मी कायम ऋणी आहे.

धक्क्यापासून सुटणं त्या मानानं लवकर आटोपतं. दोर एकेक करून कमी होतात, शेवटचे सुटतात, दोन्ही टग आणि थ्रस्टर मिळून जहाज आडवं बाहेर ओढतात. वेग नॉटच्या दहाव्या हिश्शात मोजायचा. ढकलायचं असेल तर टग जहाजाच्या अंगावर जिथे ‘टग’ असा शिक्का आणि बाण रंगवलेला असतो तिथेच नाक लावतो, कारण आतल्या बाजूनं पत्रा तिथेच भक्कम केलेला असतो. पायलट आपली छोटी अँटेना विंगमध्ये ठेवतो आणि टॅबलेटवर जहाजाची आकृती पुढच्या काही मिनिटांत कुठे असेल ते बघत राहतो. हे यंत्र आता मला अत्यावश्यक वाटतं. ब्रिजवरून दिसणारं पाणी कंटेनरमुळे झाकलेलं असतं. नियमाप्रमाणेसुद्धा जहाजाच्या नाकापुढे ५०० मीटरपर्यंतचं पाणी न दिसणं चालतं. तेवढ्यात मासेमारीची होडी शिरली तर ती पुढच्या टगला आणि फॉरवर्ड स्टेशनला दिसते, मला नाही.

चॅनेलमध्ये आलो की पायलटचं खरं ज्ञान दिसतं. ते वाचून मिळत नाही. उथळ पाण्यात जहाज चालताना खाली बसतं आणि हे बसणं वेगाच्या वर्गाच्या हिशोबात वाढतं. अरुंद चॅनेलमध्ये दहा नॉटला आमच्यासारखं जहाज सव्वा मीटरहून जास्त बसू शकतं. वेग निम्मा केला की ते चौथाईवर येतं. त्यात वळण. ६१ मीटर रुंदीचं जहाज वळताना एकच अंश कललं तरी एका बाजूचा ड्राफ्ट अर्ध्या मीटरनं वाढतो. तळाखाली पाणी दीड-दोन मीटर असेल तेव्हा हा अर्धा मीटर केवढा, ते सांगायला नको. अनुभवी पायलट वळणाच्या बऱ्याच आधी वेग उतरवतो, सुकाणू थोडं आणि लवकर देतो, आणि कुठल्या बोयाजवळ (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेजवळ) काठ जहाजाची शेपटी आपल्याकडे ओढतो ते त्याला आधीच ठाऊक असतं. एका वयस्कर पायलटनं मला शांतपणे सांगितलं होतं, “आता ती स्टारबोर्डला जाऊ बघेल, जाऊ दे थोडी, मग धर.” ती म्हणजे जहाज, स्टारबोर्ड म्हणजे उजवी बाजू. आणि अगदी तसंच झालं. अशा माणसाशेजारी उभं राहून मी जे शिकलो ते कुठल्याच कोर्समध्ये शिकलो नाही.

आणि इथेच माझी मुख्य तक्रार येते. जहाज वळवून सरळ झालं, चॅनेलला लागलं की लगेच प्रश्न येतो: “कॅप्टन, आफ्ट टग लेट गो?” म्हणजे मागचा टग सोडायचा का? पुढचं जहाज थांबलेलं असतं, टगला तिकडे जायचं असतं, पायलटवर वेळापत्रकाचा दाब असतो. मला ते समजतं. तरी बहुतेक वेळा माझं उत्तर “अजून नाही” हेच असतं. जहाज सात-आठ नॉट धरतं तेव्हा पुढचा टग फारसा कामाचा उरत नाही, पण मागे मधोमध बांधलेला टग तेव्हाच कामाचा होतो. तो ब्रेक लावू शकतो. बाजूला जाऊन शेपटी ओढू शकतो, म्हणजे सुकाणू गेलं तरी जहाजाला वळवू शकतो. खास एस्कॉर्टसाठी बांधलेला टग तर वेगात पाण्याला अंग आडवं लावून स्वतःच्या इंजिनाच्या ओढीपेक्षाही जास्त जोर काढतो.

२६ मार्च २०२४ च्या पहाटे अमेरिकेतल्या बाल्टिमोरहून ‘डाली’ निघालं. ३०० मीटर लांबीचं कंटेनर जहाज, दोन पायलट, दोन टग. धक्क्यापासून सोडवून चॅनेलला लावल्यावर रिवाजाप्रमाणे टग सोडले. वाटेतल्या फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या थोडं आधी जहाजावरची वीज गेली, आली, पुन्हा गेली. पायलटनं टग परत मागवले, सुकाणू पोर्टला (डावीकडे) घालायला सांगितलं, नांगर टाकायला सांगितला आणि पूल बंद करण्याचा निरोप पोचवला. पहिल्यांदा वीज जाण्यापासून खांबाला धडक बसून पूल कोसळेपर्यंत जेमतेम चार मिनिटं. त्या निरोपामुळे पोलिसांनी पुलावरची वाहतूक थांबवली आणि कितीतरी लोक वाचले. पुलावर रस्तादुरुस्ती करणारे सहा कामगार मात्र गेले. टग बांधलेला असता तर तो पूल उभा राहिला असता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्या चार मिनिटांत जहाजाच्या बाहेरची कुठलीच ताकद हाताशी नव्हती, हे स्पष्ट आहे. पायलटनं त्या चार मिनिटांत जे केलं त्याला मी पैकीच्या पैकी गुण देतो. टग लवकर सोडण्याच्या रिवाजाला शून्य.

टगला जवळ ठेवणं फुकटात होत नाही, आणि बिलाबद्दल मी बोलत नाहीये. चालत्या जहाजाला बांधलेला टग स्वतःही धोक्यात असतो. दोर आडव्या दिशेनं ताणला आणि टगला वळायला जागा उरली नाही, तर तो काही सेकंदांत उलटतो. १९ डिसेंबर २००७ ला स्कॉटलंडच्या क्लाइड नदीत दाट धुक्यात ‘फ्लाइंग फँटम’ टग असाच उलटला, चौघांतले तिघे गेले. म्हणून टग ठेवायचा तर वेग टगच्या कॅप्टनला झेपेल तेवढाच ठेवायचा, आणि तो वेग त्यालाच विचारून ठरवायचा. हे विचारणारे पायलट मला फार आवडतात.

शेवटचा टप्पा पायलट उतरण्याचा. ही सेवा दोन्ही बाजूंनी चालते, इथे सेवा आम्ही द्यायची असते. पाण्यापासून डेकची उंची नऊ मीटरहून जास्त असेल तर नुसती दोराची शिडी चालत नाही, अकोमोडेशन लॅडर (जहाजाच्या बाजूला लावायचा कलता जिना) आणि पायलट लॅडर (दोराची शिडी) जोडून लावावी लागते. थर्ड ऑफिसर पायलटबरोबर खाली जातो, बोसन शिडीची प्रत्येक बांधणी आधी तपासून ठेवतो. मी जहाज थोडं वळवून वाऱ्याला आडोसा करतो, बोटीच्या बाजूचं पाणी शांत होतं. पायलट खालच्या पायऱ्यांवर थांबतो, बोट लाटेबरोबर वर यायची वाट बघतो आणि ती वर असतानाच पाय टाकतो. बोटीवरचा माणूस त्याला मागून धरतो. इतक्या वर्षांत या क्षणाला मी ब्रिजवर कधीच बसलेलो नाही. साठीला टेकलेला माणूस रात्री दोन वाजता हलत्या शिडीवरून उतरतो आणि तासाभरात दुसऱ्या जहाजावर चढतो. या सेवेवर टीका करण्याआधी ही शिडी कोणीही एकदा विंगमधून वाकून बघावी.

गुण द्यायचेच तर पायलटांना पाचपैकी साडेचार, अर्धा गुण न बोलणाऱ्यांमुळे कापला. टगच्या माणसांना पूर्ण पाच. टग कधी सोडायचा हे ठरवणाऱ्या व्यवस्थेला दोन. सुधारणा सोपी आहे. कुठले टग येणार, कुठल्या प्रकारचे, ओढ किती, हे एजंटच्या मेलमध्ये जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी आलं पाहिजे. ऐनवेळी ७० टनांच्या जागी ४५ टनांचा टग समोर आलेला मी पाहिला आहे. आणि पायलट कार्डावर एक रकाना वाढवावा: आफ्ट टग कुठल्या बोयापर्यंत. मी तो हातानं आखतो आणि दोर सोडायच्या आधी त्यात पायलटकडून बोयाचा नंबर लिहून घेतो. आजवर एकाही पायलटनं त्याला नकार दिलेला नाही. काहींनी तर मी मनात धरलेल्या बोयाच्या पुढचाच नंबर लिहिला.